सत्तर मागितले, एकशेतीस मोजले

पडद्यावरचे कुलथे साहेब तोंड उघडं ठेवून थांबले. उजवा हात वर, चष्मा नाकावर घसरलेला, आणि "आपल्या सर्वांच्या सह" एवढं म्हणून बंद.

पडद्यासमोरच्या खुर्चीत बसलेल्या खऱ्या कुलथे साहेबांनी लाल पेनाचं टोपण काढलं.

"नापास," ते म्हणाले.

ही २००५ सालची गोष्ट. नाशिकच्या बाहेर एका माळावर चाचणी केंद्र होतं. वेगवेगळ्या कंपन्यांची राउटर, आमच्या भाषेत खोकी, तिथे आणायची, एकमेकांना तारेने जोडायची आणि ती एकमेकांशी धड बोलतात का ते बघायचं, एवढंच तिथलं काम. कुलथे साहेब केंद्राचे प्रमुख. चाचणीला काहीतरी चालतं-बोलतं चित्र लागतं, म्हणून या वर्षीपासून त्यांनी उद्घाटनाच्या दिवशीचं स्वतःचंच भाषण ठेवून दिलं होतं. दोन दिवसांत मी ते पाच वेळा ऐकलं होतं, पण निम्म्याच्या पुढे एकदाही नाही.

"सर, दोष यांच्या खोक्यात आहे," मी ठोंबऱ्यांकडे बोट दाखवून म्हणाले.

विलास ठोंबरे नागपूरच्या कंपनीचे. मोठी कंपनी, मोठं राउटर आणि त्यामागे हा गोल चेहऱ्याचा, कधीही न रागावणारा माणूस. मला त्या न रागावण्याचाच राग येत होता.

"मॅडम, मी काय म्हणून राहिलो, तुमच्या मागणीमध्ये..."

"माझ्या मागणीत काही नाही. तुमच्या खोक्याला बेरीज-वजाबाकी शिकवा."

भानगड काय होती ते सांगते. दोन खोक्यांमधल्या तारेत जागा होती शंभर. माझं खोकं ठोंबऱ्यांच्या खोक्याला सांगायचं, या चित्रासाठी साठ राखून ठेव. ते ठेवायचं. उरलेल्या चाळीसात केंद्राची माणसं मुद्दाम भलतीच रहदारी सोडायची, कारण खरी गर्दी असताना राखीव जागा राखीव राहते का हेच बघायचं होतं. भाषण निम्म्यावर आलं की साहेब चित्र मोठं करायचे. मोठ्या चित्राला साठ पुरत नाहीत, म्हणून माझं खोकं सत्तर मागायचं. सत्तर मिळेपर्यंत जुने साठ सोडायचे नाहीत, नाहीतर मधल्या मधे चित्र तुटेल. आणि ठोंबऱ्यांचं खोकं म्हणायचं, साठ आणि सत्तर एकशेतीस, तार शंभराची, जागा नाही. मग साहेबांचं तोंड उघडं राहायचं.

"अहो, साठाचेच सत्तर करायचेत. एकशेतीस आले कुठून?" मी विचारलं.

"तेच तर सांगून राहिलो ना मॅडम, तुम्ही..."

"सर, मी लेखी तक्रार देते."

दिली. दोन पानी दिली. 'सदर राउटरला प्राथमिक अंकगणित येत नाही' असंही त्यात एक वाक्य होतं. कुलथे साहेबांनी ती शांतपणे वाचली, शिक्का मारला आणि फायलीत लावली.

"उद्याचा गुरुवार दुरुस्तीला," ते म्हणाले. "शुक्रवारी दोनला पुन्हा. चारच्या आत पास झालात तर झालात."

चारनंतर काय, ते मला माहीत होतं. जिल्ह्याजिल्ह्यातली सरकारी रुग्णालयं एकमेकांना जोडायचं मोठं काम निघालं होतं. मोठ्या शहरांत ठोंबऱ्यांची खोकी बसणार हे ठरलेलं होतं. तालुक्यांत आमची बसायची होती, ती पास झाली तर. नाही झाली तर आमच्या जागी कोणीही चालणार होतं. आमची कंपनी म्हणजे पुण्यात कर्वेनगरातल्या एका बंगल्याच्या तळमजल्यावरची अकरा माणसं. खोक्यातला मागणी पाठवणारा सगळा प्रोग्राम माझा, चार वर्षं खपून लिहिलेला. हे काम गेलं असतं तर ते खोकं कपाटात गेलं असतं आणि मी कुठल्यातरी बँकेची कॉम्प्युटरं सांभाळायला. मला ते नको होतं. त्या खोक्यावर माझा जीव होता, हे सांगायला आता लाज वाटत नाही.

बाहेर येऊन पुण्याला आमच्या काळसेकरांना फोन लावला. काळसेकर म्हणजे आमचे मालक.

"तेच," मी म्हणाले.

"पुन्हा?"

"हो."

ठेवला. आमच्यात नाव-गाव सांगायची पद्धत नव्हती. चार वर्षं एका खोलीत बसल्यावर कोण बोलतंय आणि कशाबद्दल, हे कोणी विचारत नाही.

केंद्रातलं कँटीन लीलाताई आहेर चालवायच्या. माळावर दुसरं काही मिळायचं नाही, त्यामुळे कँटीनमध्ये लीलाताईंचंच राज्य. सकाळी दहाच्या आत चिठ्ठी द्यायची, नाव आणि किती पोळ्या. चिठ्ठ्यांचं पुडकं खिडकीत टांगलेलं, प्रत्येक चिठ्ठीवर छापील नंबर. चिठ्ठ्या बघून त्या पीठ भिजवायच्या आणि एकदा भिजवलं की भिजवलं.

त्या बुधवारी सकाळी मी तीन पोळ्या लिहिल्या होत्या. मग वाटलं, भांडायचंय, तीनांत भागणार नाही. म्हणून दुसरी चिठ्ठी फाडून 'सोहोनी, चार' असं लिहून टाकलं. तक्रार देऊन जेवायला गेले तर ताटात सात पोळ्या.

"लीलाताई, ह्या सात आहेत."

"मागितल्या तेवढ्या दिल्या. आणि ताई, पानात टाकायचं नाही हां माझ्याकडे."

पाटी पण होती भिंतीवर तशी. चौथी पोळी चालू असताना ठोंबरे समोर येऊन बसले.

"मॅडम, त्या चिठ्ठीवर नंबर राहते ना, तो..."

"ठोंबरे, जेवताना तरी गप्प बसा हो."

ते गप्प बसले. वर माझ्या ताटातल्या दोन पोळ्या उचलून त्यांनी मुकाट्याने खाल्ल्या. पाच मी संपवल्या आणि दुपारभर मला खुर्चीत सरळ बसता येईना.

गुरुवारी सकाळी मी पुन्हा तीन लिहिल्या. साडेनऊला भूक लागली तेव्हा पुन्हा 'सोहोनी, चार' लिहून दिलं. कालचा प्रकार लीलाताईंचा गाफीलपणा होता अशी माझी खात्रीच होती. आज त्यांना कळायला हवं होतं. थोड्या वेळाने चिठ्ठी परत आली, मागे पेन्सिलने लिहिलेलं: 'पीठ नाही. पहिल्या तीन मिळतील.'

मी तडक खिडकीवर गेले.

"एका पोळीचं पीठ नाही तुमच्याकडे?"

"एकीचं आहे. चारांचं नाही."

"मला एकच जास्त हवीय. तीनाच्या चार."

"असं कुठं लिहिलंय ताई? इथं लिहिलंय, सोहोनी, चार. तीनवाली सोहोनी आधीच आहे माझ्याकडे."

"ती मीच."

"मला काय ठाऊक?"

"इथे सोहोनी आहेत तरी किती?"

"दोन," लीलाताई म्हणाल्या. "ऑफिसात टायपिस्ट बाई आहेत, त्या पण सोहोनीच. त्या पण रोज तीन-चारच खातात."

लीलाताईंनी हात पुसले आणि पुडक्यातली एक चिठ्ठी माझ्यासमोर धरली, पहिलीतल्या पोराला दाखवतात तशी.

"हे बघा. नवी चिठ्ठी म्हणजे नवा नंबर, म्हणजे नवं जेवण. जुनंच वाढवायचं असलं तर जुना नंबर टाकायचा. मग मी समजते, की हे तेच माणूस, याचं आधीचं धरून मोजायचं. सगळे तसंच करतात इथं. ठोंबरे साहेब बोलले नाहीत तुम्हाला?"

जुना नंबर.

मी धावत वर गेले आणि माझा प्रोग्राम उघडला. जेवणाची वेळ झाली तेव्हा तीन पोळ्या कशा खाल्ल्या ते मला आठवत नाही. पानात टाकायची सोय नव्हती म्हणून खाल्ल्या.

माझं खोकं प्रत्येक मागणीला नवा नंबर घालत होतं. साठाला एक, सत्तराला दुसरा. 'ही आधीचीच मागणी, वाढवलेली' असं ते कुठेच सांगत नव्हतं. आणि त्या ओळीशेजारी चार वर्षांपूर्वी मीच माझ्या हाताने टीप लिहून ठेवली होती: 'समोरचं खोकं समजून घेईल.' घेत होतं ना. कर्वेनगरात समोरचं खोकंही आमचंच, मीच लिहिलेलं. पत्ता बघून ते समजून जायचं. परक्याशी बोलायची त्या बिचाऱ्यावर कधी वेळच आली नव्हती.

नियमांचं जाडजूड पुस्तक काढलं. त्यात स्पष्ट एक वाक्य होतं की राखीव जागा बदलताना ओळख जुनीच ठेवावी, म्हणजे दोन्ही मागण्या मिळून एकदाच मोजल्या जातील. त्या वाक्याखाली पेन्सिलीची रेघ होती. ती पण माझीच.

आता सरळ माणसाने काय केलं असतं? उठून ठोंबऱ्यांकडे गेला असता. मी नाही गेले. दोन पानी तक्रार फायलीत होती आणि त्यात ते अंकगणिताचं वाक्य होतं. गपचूप दुरुस्त करू, उद्या पास होऊ, सगळ्यांना वाटेल त्यांच्याच खोक्यात काहीतरी होतं आणि आपोआप गेलं. दुपारभर बसून मी जुना नंबर जुनाच राहील अशी व्यवस्था केली. पलीकडच्या टेबलावर ठोंबरेही मान खाली घालून काहीतरी करत होते. मी पाणी प्यायला उठले तर त्यांनी पडद्यासमोर वही उभी धरली. पत्ते खेळत असतील, असं मला वाटलं.

शुक्रवारी दोन वाजता भाषण सुरू झालं. कुलथे साहेब पडद्यावर आले, घसा खाकरला, मान्यवरांची नावं घेतली. निम्म्यावर चित्र मोठं केलं. माझ्या खोक्याने सत्तर मागितले.

"मिळाले," केंद्राचा माणूस म्हणाला.

मी श्वास सोडला. ठोंबऱ्यांनी पण सोडला, हे माझ्या लक्षात आलं. मग केंद्राने उरलेल्या जागेत रहदारी सोडली आणि "आपल्या सर्वांच्या सहकार्या" पाशी साहेब पुन्हा तोंड उघडून थांबले. बुधवारपेक्षा दोन अक्षरं पुढे.

"यांच्या खोक्यात काही नसेल सर," मी म्हणाले. "आमच्याकडेच एकदा बघते."

"नाही नाही," ठोंबरे घाईने म्हणाले. "मॅडमचं खोकं बराबर आहे. आमच्याचमध्ये काही राहिलं असेल."

"तुमच्यात कसं असेल? चांगलं खोकं आहे तुमचं."

"तुमचं तर त्याहून चांगलं आहे जी."

कुलथे साहेबांनी चष्मा काढला. "दोन दिवस तुम्ही एकमेकांच्या जिवावर उठला होतात," ते म्हणाले. "आज काय झालं?"

ठोंबऱ्यांच्या खोक्याचे आकडे पडद्यावर होते. राखीव जागा: दहा.

दहा? एकशेतीस नाहीत, सत्तर नाहीत, दहा. म्हणजे खोक्याने केंद्राला सांगितलं होतं की नव्वद मोकळे आहेत, खुशाल भरा. केंद्राने भरले. साहेबांच्या भाषणाला दहात कोंबलं होतं.

"नापास," साहेब उठत म्हणाले. "साडेतीनला शेवटची. त्याआधी ज्याने काही बदल केला असेल त्याने बदलाचा अर्ज भरायचा. कारणासकट. मी चहा घेऊन येतो."

ते गेल्यावर मी खुर्ची ओढून ठोंबऱ्यांसमोर बसले.

"काल काय करत होतात वहीआड?"

ते कानामागे खाजवत राहिले. "एक ओळ टाकली मॅडम. तुमच्यासाठी. तुमच्या पत्त्यावरून दुसरी मागणी आली का आधीचे साठ वजा करायचे, नंबर काही का असेना. म्हटलं, तुम्ही काही ऐकून घेऊन नाही राहिले, तर आपणच समजून घेऊ."

"आणि मी काल जुना नंबर ठेवला."

"म्हणजे मागणी दुरुस्त केली तुम्ही?"

"हो."

"मग तर आमचं खोकं एरवीही साठ वजा करते. पहिल्यापासूनच करते." त्यांनी बोटांवर मोजलं. "एकशेतीसातून साठ गेले सत्तर. वरून माझ्या ओळीने पुन्हा साठ. दहा." आणि ते हसायला लागले. पोट धरून हसायला लागले. मलाही हसू आलं, पण अर्धंच.

"तुम्हाला बुधवारीच माहीत होतं," मी म्हणाले.

"माहीत म्हणजे, मागच्या वर्षी मी हीच चूक केली होती ना इथे. दुसऱ्या कंपनीच्या खोक्यासमोर. लीलाताईकडे अकरा पोळ्या खाल्ल्या होत्या."

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"सहा वेळा सुरुवात केली मॅडम."

मोजलं तर खरंच सहा भरल्या असत्या. मला फार लाज वाटली. रडू येईल इतकी वाटली.

ठोंबरे पुढे वाकले. "हे पहा. दोघांपैकी एकाने काढलं की झालं. तुम्ही तुमचं काढून टाका, माझी ओळ राहू द्या. पास होते. तुम्हाला अर्जच भरायचा नाही, कारण तुम्ही काही बदललंच नाही. मी भरतो, आमच्या खोक्यात दोष होता म्हणून."

"आणि तुमच्यावर शेरा येईल."

"येईल. मोठी कंपनी आहे, एक शेरा खपून जाते. माझी या वर्षीची बढती थोडी लांबेल." त्यांनी माझ्या खोक्याकडे पाहिलं. "तुमचं तर सगळंच आहे त्या खोक्यात."

हे त्यांनी कोणालाही ऐकू जाणार नाही अशा बेताने सांगितलं. दोन दिवस ज्याला मी तोंड उघडू दिलं नव्हतं तो माणूस माझ्यासाठी चूक अंगावर घ्यायला तयार होता. आणि खरं सांगते, मी एक मिनिटभर विचार केला. चार वर्षं, अकरा माणसं, बँकेची कॉम्प्युटरं, सगळं डोळ्यांसमोर आलं. आमच्या खोक्यातच चूक होती हे कागदावर आलं की पास होऊनही साहेब काय म्हणतील, याचा भरवसा नव्हता.

पण ती चूक खोक्यात तशीच तालुक्यांत गेली असती. समोर प्रत्येक ठिकाणी ठोंबरे नसणार होते.

"तुमची ओळ काढा," मी म्हणाले.

"मॅडम, विचार करा."

"केला. काढा."

मी अर्ज ओढला. बदलाचे कारण, या रकान्यात लिहिलं: 'वाढीव मागणी ही आपलीच जुनी मागणी आहे हे आमचे राउटर सांगत नव्हते. समोरच्याने समजून घ्यावे अशी अपेक्षा होती. चूक आमची. अलका सोहोनी.'

साहेब चहा पिऊन आले. उभ्यानेच त्यांनी अर्ज वाचला, मग बसून पुन्हा वाचला.

"आणि ही दोन पानी तक्रार?"

"मागे घेते सर."

"दाखल झालेली मागे घेता येत नाही. तिच्यावर लिहा, तक्रार चुकीची होती. अंकगणिताच्या वाक्याशेजारी वेगळी सही करा."

केली. त्यांनी दोन्ही कागद फायलीत लावले.

साडेतीनला भाषण सुरू झालं. मान्यवर झाले. चित्र मोठं झालं. सत्तर मागितले, सत्तर मिळाले, राखीव जागा: सत्तर. केंद्राने उरलेले तीस भरले. "आपल्या सर्वांच्या सहकार्याने" हे मी पहिल्यांदा अख्खं ऐकलं. त्यापुढे साहेब विजेच्या अडचणींवर बोलले, माळावरच्या पाण्यावर बोलले, लीलाताईंचे आभार मानले. कधी नव्हे ते भाषण रंगत चाललं होतं. शेवटी त्यांनी उजवा हात वर केला, म्हणाले, "आणि जाता जाता एकच गोष्ट सांगतो, ती म्हणजे..."

आणि थांबले. तोंड उघडं, हात वर.

ठोंबऱ्यांनी डोळे मिटून घेतले. लाल पेन टेबलावर होतं आणि साहेबांचा हात तिकडे चालला होता. मला वाटलं, संपलं. आता कर्वेनगरला जाऊन अकरा जणांना तोंड कसं दाखवायचं.

साहेबांनी लाल पेन उचललं, बाजूला ठेवलं आणि खिशातून निळं काढलं.

"टेप तिथेच संपली होती," ते म्हणाले. "पास."

"सर," ठोंबऱ्यांनी विचारलं, "ती एक गोष्ट कोणती होती?"

"आठवत नाही," साहेब सही करत म्हणाले. "इतके दिवस कोणी तिथवर पोचतच नव्हतं, त्यामुळे विचारलंही नाही कोणी." मग माझ्या अर्जाची एक प्रत त्यांनी माझ्या हातात ठेवली. "ही जपून ठेवा. अशा अर्जांवर खाली नाव घालणारे थोडे असतात."

ती प्रत अजून आहे माझ्याकडे. आता मी नव्या मुलांना हेच शिकवते आणि पहिल्या दिवशी ती भिंतीवर लावते.

बाहेर येऊन मी पुण्याला फोन लावला. काळसेकरांनी उचलला.

"हॅलो," मी म्हणाले. "अलका सोहोनी बोलतेय. नाशिकहून, चाचणी केंद्रातून. बुधवारी आपलं जे बोलणं झालं होतं, त्याच विषयावर..."

"अलका," काळसेकर घाबरून म्हणाले, "काय झालंय तुला? बरी आहेस ना?"